‘रेझिस्टंट ससे म्हणून फसवलं’ या रिव्ह्यूला आमच्या फार्मचं उत्तर

नमस्कार दादा, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. बाकी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो, दादा निफाडकडचे आहेत, भाद्रपदात आमच्याकडून सोव्हिएत चिंचिला जातीच्या सशांच्या माद्या आणि एक नर घेऊन गेले, दिवाळीनंतर सशांच्या कानात खपल्या धरल्या, इंजेक्शन दिलं, थोडे दिवस बरं वाटलं आणि परत तेच. त्यांचं म्हणणं असं की "खरूज न होणारी रेझिस्टंट जात म्हणून जास्त पैसे घेतले, ससे खरजेचे निघाले, आता औषधपण लागू पडत नाही, कुणी जाऊ नका."

तुमचा राग मला कळतो. सशाच्या कानात खरूज भरली की तो दिवसभर मान झटकतो, मागच्या पायाने कान ओरबाडून रक्त काढतो, खाणं सोडतो, आणि आपण नुसतं बघत बसतो, हे कुणालाच सहन होत नाही. पण तुम्ही लिहिलंय ते वाचून उद्या दुसरा कुणीतरी "खरूज न होणारी जात" शोधत फिरेल आणि तिसरा कुणीतरी ती विकेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांब होईल पण वाचा.

खरूज न होणारी सशाची जात आमच्याकडे नाही आणि कुणाकडेच नाही. सोव्हिएत चिंचिला घ्या, न्यूझीलंड व्हाइट घ्या, ग्रे जायंट घ्या, व्हाइट जायंट घ्या, कानातले माइट, म्हणजे खरूज करणारे बारीक किडे, सगळ्यांना होतात. खरजेची लसपण बाजारात नाही. तुम्ही घ्यायला आलात तेव्हा हेच बोललो होतो आणि परवा फोनवर तुम्हीच म्हणालात की ते रेझिस्टंट वगैरे एका व्हिडिओत ऐकलं होतं. आमचा दर बाजारापेक्षा जास्त आहे हे खरं, पण तो जातीच्या जादूचा नाही. प्रत्येक मादीची नोंद असते, आई कोण बाप कोण, किती वेत झाले, कधी कुठलं औषध दिलं, आणि ज्या मादीला परत परत खरूज होते तिची पिल्लं आम्ही पैदाशीसाठी ठेवत नाही आणि विकतपण नाही. एका रांगेतल्या पिंजऱ्यात एक ससा खपल्यांनी भरतो आणि शेजारचा बरा राहतो हे ससे पाळणारा प्रत्येकजण बघतो, तेव्हा अंगची ताकद सशासशात कमीजास्त असतेच. पण ताकदवान ससासुद्धा माइट अंगावर बाळगू शकतो, कान वरून गुलाबी स्वच्छ दिसतो आणि आत खोल नळीत थोडे माइट बसलेले असतात. म्हणून तर विकताना तुमच्या हातात टॉर्च देऊन एकेक कान आतपर्यंत दाखवला आणि तरीही सांगितलं की घरी नेल्यावर महिनाभर वेगळे ठेवा, आमचे असोत नाहीतर कुणाचे असोत.

आता रिव्ह्यूत नाही पण तुम्ही फोनवर सांगितलंत ते लिहितो, कारण त्याशिवाय हे कुणाला समजणार नाही. आमचे ससे नेल्यावर पंधरा दिवसांत तुम्ही आठवडे बाजारातून अजून दोन माद्या आणल्या आणि त्याच शेडमध्ये, एकाच नराखाली लावल्या. कानातल्या माइटचं अंड्यापासून परत अंडं घालणाऱ्या मादीपर्यंतचं चक्र साधारण तीन आठवड्यांचं आहे. नर एका पिंजऱ्यातून दुसऱ्या पिंजऱ्यात फिरला, पिल्लांची खोकी इकडची तिकडे झाली, की दोन महिन्यांत सगळी रांग धरते. बाजारातल्या माद्यांच्या मागच्या पायाच्या बोटांमधले केस चिकटलेले होते असं तुम्हीच म्हणालात, ती कान खाजवल्याची खूण असते दादा, विकत घेताना कानाइतकंच पायाकडे बघायचं.

औषध लागू पडत नाही याचं सांगतो, कारण खरा मुद्दा हाच आहे. तुम्ही गाईम्हशींचं एक टक्क्याचं आयव्हरमेक्टिन, म्हणजे माइट मारायचं इंजेक्शन, आणलंत. त्यात एका मिलीत 10 मिलिग्रॅम औषध असतं. सशाला डॉक्टर साधारण किलोला 0.2 ते 0.4 मिलिग्रॅम धरतात, म्हणजे तीन किलोच्या मादीला 0.06 ते 0.12 मिली. हे माप मोठ्या सिरिंजवर डोळ्याने दिसतच नाही, त्यासाठी इन्सुलिनची सिरिंज लागते आणि ससा काट्यावर घालून वजन करावं लागतं. तुम्ही अंदाजाने थेंबभर दिलं, काहींना टोचायच्या ऐवजी तोंडात पाजलं, आणि खपल्या सुकल्या म्हणून दुसरा डोस दिलाच नाही. आयव्हरमेक्टिन माइटच्या नसा आणि स्नायू लुळे पाडतं, जिवंत माइट मरतो, पण अंड्याला ते काही करत नाही. अंडी थोड्या दिवसांत फुटतात आणि नवीन पिढी तयार. म्हणून साधारण दोन आठवड्यांनी दुसरा डोस असतो, ती पिढी अंडी घालायच्या आत मारायला. दुसरा डोस चुकला की पहिला वाया.

आणि नुसता वाया जाऊन थांबत नाही. अर्धवट डोसात जे माइट वाचतात ते त्यातल्या त्यात चिवट असतात, पुढची पैदास त्यांचीच होते. हे मी भीती घालायला लिहीत नाही. माणसाच्या खरजेचे माइट आयव्हरमेक्टिनला दाद देत नाहीत हे ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातल्या रुग्णांमध्ये 2004 साली दाखवून दिलं गेलं, त्यांना हे औषध पुन्हा पुन्हा द्यावं लागलं होतं. ब्रिटनमध्ये मेंढ्यांच्या खरजेत याच गटाची औषधं फेल गेल्याचं 2018 साली छापून आलं, आणि तो मेंढीचा माइट सशाच्या कानातल्या माइटचा सख्खा भाऊ, दोन्ही सोरोप्टिस नावाच्या एकाच घराण्यातले. ज्या औषधाच्या शोधासाठी 2015 चं नोबेल मिळालं ते आज आपल्याला गल्लीतल्या मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतंय, ते आपणच बोथट करून टाकलं तर ससेवाल्यांनी पुढे करायचं काय? मला याची मनापासून काळजी वाटते, म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगत असतो आणि काहींना त्याचा कंटाळापण येतो.

अजून एक, तुम्ही लिहिलंय "औषध बदलून बघितलं तरी फरक नाही." बदलून आणलंत ते डोरामेक्टिन. दादा ते आयव्हरमेक्टिनच्याच घराण्यातलं आहे. मानेवर टाकायचं सेलामेक्टिनपण त्याच घराण्यातलं. बाटली नवीन, कंपनी नवीन, पण माइटवर मार त्याच जागी बसतो, त्यामुळे एकाला सरावलेला माइट दुसऱ्यालाही जुमानणार नाही अशी शक्यता असते. खरंच वेगळ्या गटाचं औषध द्यायचं झालं तर आयसोक्साझोलिन म्हणून गट आहे, पण सशासाठी ते लेबलवर लिहिलेलं नसतं, ते जनावरांच्या डॉक्टरनेच वजन बघून ठरवायचं, यूट्यूब बघून नाही.

आणि कृपा करून तो कुत्र्याचा स्प्रे शेडमधून बाहेर काढा. दुकानदाराने तुम्हाला फिप्रोनिलचा स्प्रे दिला, सगळ्या पिसवा-गोचिडांवर चालतो म्हणून. कुत्र्याला चालतो, सशाला फिप्रोनिल विषारी आहे, झटके येतात, ससे मरतात, पिल्लं तर लगेच जातात. तुमची दोन पिल्लं स्प्रेनंतर गेली असं तुम्ही सांगितलंत आणि रिव्ह्यूत ती खरजेने गेली असं लिहिलंय. मी तुम्हाला दोष द्यायला हे काढत नाहीये, पण हे वाचून अजून एक जरी माणूस तो स्प्रे मारायचा थांबला तरी चालेल मला.

पिंजऱ्याचं राहिलं. इंजेक्शन सशाला दिलं पण माइट पिंजऱ्यातपण आहेत. गळून पडलेल्या खपलीत, लाकडाच्या फटीत, गोणपाटात, आणि थंड दमट हवा असली तर सशाशिवाय ते दोन-तीन आठवडेसुद्धा तग धरतात. निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, तुम्ही थंडी लागू नये म्हणून शेड गोणपाटाने बंद केलीत, लेंड्या खाली साचल्या, आत ओल, म्हणजे माइटला अगदी हवं ते. जाळीचे पिंजरे असतील तर ससे बाहेर काढून फ्लेमगनने, म्हणजे आगीचा झोत सोडणाऱ्या नळीने, केस आणि खपल्या जाळा, लाकडी खोकी धुऊन कडक उन्हात टाका, गोणपाट जाळून टाका आणि नवीन लावा, तोसुद्धा दिवसा वर गुंडाळता येईल असा. हे पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी एकदा आणि दुसऱ्याच्या दिवशी परत. आणि इंजेक्शन सगळ्या सशांना, ज्यांचे कान चांगले दिसतात त्यांनापण, नाहीतर त्यांच्याकडून परत फिरतं. फक्त गाभण माद्या आणि छोटी पिल्लं डॉक्टरला विचारून.

कानातल्या खपल्या ओढून काढू नका. खाली कातडी कच्ची असते, रक्त येतं, सशाला भयंकर दुखतं. औषध लागू पडलं की खपल्या आठ-दहा दिवसांत आपोआप सुटतात. पण असंच सोडून दिलं तर मात्र आजार कानाच्या आत उतरतो आणि मान वाकडी होते, तिथून ससा परत आणणं अवघड.

माइट आहेत की नाही हे घरी बघायचं असेल तर सुटून पडलेली खपली काळ्या कागदावर ठेवा आणि थोडा वेळ उन्हात धरा. ऊब लागली की पांढरे बारीक ठिपके कागदावर चालायला लागतात, भिंग असेल तर पायसुद्धा दिसतात. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी आधी हेच दाखवतो, एकदा डोळ्याने बघितलं की दुसरा डोस कुणी विसरत नाही. हे झालं कानाचं. नाकावर, ओठांवर, पंजांवर पांढरट खपल्या असतील तर ती दुसरी खरूज, तिचे माइट कातडीच्या आत बोगदे करतात, तिथे डॉक्टरकडून कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघावी लागते. तिची खाज काही दिवस माणसालापण येऊ शकते, हात धुवा, लहान मुलांना त्या सशांपासून लांब ठेवा. औषध दिलेला ससा डॉक्टरने सांगितलेले दिवस संपेपर्यंत खायला विकू नका, हेही राहायला नको.

आता आमच्याकडून काय ते. पैसे परत हवेत असं तुम्ही लिहिलंय. खरूज आमच्या शेडमधून तुमच्याकडे आली असं यातलं काहीच सांगत नाही, त्यामुळे पैसे परत देणार नाही, हे स्पष्ट सांगतो. पण ससे आमच्या हातून गेलेत, ते बरे व्हावेत ही इच्छा तुमच्याइतकीच माझीपण आहे. आमच्याकडे नियमित येणारे जनावरांचे डॉक्टर आहेत, त्यांच्या पुढच्या फेरीला तुमच्याकडचे दोन-तीन ससे घेऊन या, तपासणीची फी मी देतो. वजन करून, इन्सुलिनच्या सिरिंजने, तुमच्या समोर, दोन्ही डोस. पिंजरे जाळायला फ्लेमगन आमची घेऊन जा, काम झालं की परत करा. दोन्ही डोस झाल्यावर, पिंजरे साफ झाल्यावर पंधरा दिवसांनी परत खपली तपासू, आणि त्यातही जिवंत माइट निघाले तर मग औषधाला न जुमानणारे माइट म्हणून डॉक्टर पुढचं ठरवतील. त्याआधी तिसरं, चौथं इंजेक्शन स्वतःहून टोचू नका.

येताना ससे आमच्या शेडकडे आणू नका, गेटजवळ आंब्याखाली वेगळा पिंजरा ठेवलाय तिथे थांबा, मी आणि डॉक्टर तिकडेच येतो. आणि बाजारातल्या त्या दोन माद्यांपैकी एक नक्की घेऊन या.