मिस्टर घरी नाहीत का?

सिग्नलला उभी राहिली की गाडी थरथरायची आणि डिपस्टिकवरचं ऑइल सर्व्हिसिंगच्या कितीतरी आधी खाली जायचं. जमिनीवर मात्र थेंब नाही. वर्कशॉपवाल्याने ‘इंजिन खोलावं लागेल’ म्हणून असा आकडा सांगितला की मी चावी हिसकावूनच घेतली. घरी एअर फिल्टरचं झाकण काढलं तर आत तेलाचे ओघळ. संशय गेला पीसीव्ही व्हॉल्व्हवर, म्हणजे इंजिनात कोंडणारा गॅस ओढून घेणाऱ्या झडपेवर. अंगठ्याएवढी वस्तू. विकत आणली.

पिस्टनच्या रिंगांना चकवून थोडा अर्धाजळका गॅस खाली ऑइलच्या कोठडीत उतरतोच. तो कोंडला तर सीलमधून तेल बाहेर ढकलतो. जुन्या गाड्या तो नळीने सरळ रस्त्यावर सोडायच्या. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियाने तो परत इंजिनात ओढून जाळायला लावला. किती ओढायचा हे ठरवते व्हॉल्व्हमधली स्प्रिंगवरची छोटी सोंगटी. ती चिकटली की सगळा बेत बिघडतो.

तर रविवारी सकाळी, इंदूरच्या राजेंद्र नगरात घरोघरी पोह्यांवर जीरावन मसाला पडत असताना, मी थंड इंजिनावर वाकले होते. समोरचे काका गेटला टेकले.

“मिस्टर घरी नाहीत का?”

“आहेत. वर चहा घेताहेत.”

“मग?”

आमच्या मिस्टरांना बॉनेट उघडायला सांगा, ते डिकी उघडतील. पण हे काकांना कोण सांगणार? त्यांनी मान वर करून गॅलरीकडे हाक मारली, “काय हो भिया, वहिनी काय खोलताहेत?”

“कुठलासा व्हॉल्व्ह आहे!” वरून उत्तर.

मी होजची क्लिप मागे सरकवली. टॅपेट कव्हरवरचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावरचा, व्हॉल्व्ह धरणारा रबरी बुश उष्णतेने खारी बिस्किटासारखा कडक झाला होता. तुकडा आत पडू नये म्हणून जीव मुठीत धरून तो उकरत होते आणि काका गॅलरीला सांगत होते, “जोर लावू नका म्हणावं त्यांना.” मी दोन हात अंतरावर. निरोप पहिल्या मजल्यावरून यायचा.

जुना व्हॉल्व्ह निघाला. कानाशी हलवला. गप्प. नवा हलवला. खडखड, खडखड.

काकांचा चेहरा उजळला. “भिया, फसवलं हो दुकानदाराने! नवा तर आतून सुटलेला आहे. जुना बघा, एकदम ठोस!”

“काका, तो वाजायलाच हवा. आतली सोंगटी मोकळी आहे म्हणून वाजतो. हा जुना काजळीने जाम झालाय.”

“चांगली वस्तू वाजत नाही,” काका गॅलरीला म्हणाले. “बिल आहे ना? परत करून टाका.”

“अगं, काका म्हणताहेत तर विचारून बघ ना दुकानात,” वरून आवाज आला. पाना फेकून मारायला पहिला मजला फार उंच नसतो.

तेवढ्यात काकांना फरशीवर तेलाचा थेंब दिसला. स्वच्छतेत सलग सात वेळा देशात पहिलं आलेलं शहर आमचं, कचरा सहा डब्यांत वेगळा करणारं. “हा जुना कुठल्या डब्यात?” मी घातक कचरा म्हटलं. “तेल आहे म्हणजे ओला,” असा काकांचा निकाल. शेवटी तो मी कागदात गुंडाळून खिशात टाकला. नवऱ्याचं मत कुणी विचारलं नव्हतं, तरी त्याने ‘सुका’ म्हणून दिलंच.

नवा बुश, नवा व्हॉल्व्ह होजला जोडला. कव्हरमध्ये दाबण्याआधी इंजिन चालू करून त्याच्या तोंडावर बोट धरलं, कचकचून ओढलं गेलं. “बोट जाईल, सांगा त्यांना!” काका ओरडले. बसवला. गाडी शांत. थरथर नाही. पार्किंगमध्ये एवढी शांतता पसरली की वरचा चहाचा फुरका ऐकू आला.

काका बराच वेळ इंजिनाकडे बघत राहिले. मग मान वर केली.

“भिया, पुढच्या रविवारी आमच्याही गाडीचं बघता का जरा? तीही तेल पिते.”

“आणा की काका, त्यात काय!” नवरा म्हणाला.

पाने आणि पक्कड माझ्या कपाटात कुलपात आहेत. बघू दे त्याला, चहाच्या चमच्याने.