चेकच्या खटल्यांचा हिशेब कोणी केला होता?

इंदूरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: ‘कायद्याचे परिणाम आधी अभ्यासायचे, हे कायदा लांबवण्याचं निमित्त आहे. कायदा करा, परिणाम दिसतीलच. चुकलं तर दुरुस्ती करता येते. आणि संसदेत चर्चा होतेच की!’ पुढे पाठवणाऱ्यांत मला आदर असलेली माणसं आहेत, म्हणून सविस्तर उत्तर देतोय.

‘परिणाम दिसतीलच.’ दिसतात, पण ते भोगतं कोण? चेक न वटणं १९८९पासून निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८खाली गुन्हा ठरलं. हेतू चांगलाच होता, चेकवर बाजाराचा विश्वास बसावा. २००२मध्ये तर निकाल सहा महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायद्यातच घातलं. पण कलम लिहिलं म्हणून न्यायाधीश वाढत नाहीत. २०१९च्या अखेरीस देशात २.३१ कोटी फौजदारी प्रकरणं प्रलंबित होती, त्यांतली ३५.१६ लाख या एका कलमाची. इंदूरच्या सियागंज बाजारात उधारीवर माल देणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला विचारा, तारखा आणि वकिलाची फी वजा जाता चेकच्या रकमेतलं हातात काय उरतं. ज्याच्यासाठी कायदा केला, तोच त्यात अडकला. असं होऊ नये म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. जगन्नाथ राव यांच्या समितीने आधीच सुचवलं होतं की नव्या कायद्याने किती खटले वाढतील आणि त्यांना किती खर्च येईल, हे विधेयकासोबतच्या वित्तीय ज्ञापनात, म्हणजे खर्चाचा अंदाज देणाऱ्या टिपणात, मांडावं. सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये सेलम बार असोसिएशनच्या निकालात या सूचनेची दखलही घेतली.

‘चुकलं तर दुरुस्ती.’ जून २०२०मध्ये अध्यादेशाने आलेले तीन कृषी कायदे नोव्हेंबर २०२१मध्ये मागे घेतले गेले. तुम्ही कायद्यांच्या बाजूचे असा वा विरोधातले, मधलं वर्ष शेतकऱ्यांनी दिल्लीच्या सीमेवर काढलं, ते कोणत्या दुरुस्तीने परत मिळेल?

संसदेतल्या चर्चेबद्दल एवढंच: खासदारांपुढे आकडेच नसतील, तर ते चर्चा कशावर करणार?

राहिला ‘लांबवण्याचा’ मुद्दा. केंद्राच्या २०१४च्या धोरणानुसार मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवायचा असतो. पर्यावरण, मूलभूत हक्क आणि लोकांची रोजीरोटी यांवर होणारा अंदाजे परिणामही सोबत सांगायचा असतो. फक्त ३० दिवस! पण हे धोरण बंधनकारक नाही, मसुदा न दाखवताही विधेयक मांडता येतं. मला ते बंधनकारक झालेलं हवं आहे, आणि राज्याच्या कायद्यांसाठी भोपाळनेही तसाच नियम करावा.