साडेचार गिगाहर्ट्‌झ आणि भुसावळचा मे

जुना प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगाच्या वर, किती ताणता येईल असं कुणी विचारलं की जाणकार आधी व्होल्टेज विचारतात. मी महिना विचारतो. डिसेंबरात भुसावळला साडेचार गिगाहर्ट्‌झवर रात्रभर टिकलेला प्रोसेसर मे महिन्यात दुपारी दोनला साधा गाण्याचा फोल्डर उघडताना निळा एरर-पडदा दाखवून मरतो, आणि दोष जातो बिचाऱ्या रॅमला.

उदाहरणाला इंटेलचा २०११ चा प्रोसेसर आय-फाइव्ह २५००के घेऊ, कारण तो अजून अनेकांच्या टेबलाखाली धूळ खात जिवंत आहे. मूळ वेग ३.३, टर्बोत, म्हणजे काम वाढलं की आपोआप चढणारा, ३.७. हा वेग म्हणजे बेस क्लॉक गुणिले मल्टिप्लायर. इथे मल्टिप्लायर मोकळा, म्हणजे बदलता येतो, पण मदरबोर्ड पी६७, झेड६८ अशा जातीचा हवा. एच६१ च्या बोर्डावर जोर लावणं म्हणजे दारात बांधलेल्या बैलाला पराणी टोचणं. मल्टिप्लायर सोडून बेस क्लॉक वाढवायच्या भानगडीत पडू नये. त्या १०० मेगाहर्ट्‌झला पीसीआय एक्स्प्रेस आणि साटा, म्हणजे ग्राफिक्स कार्ड आणि हार्ड डिस्कच्या जोडण्याही, बांधलेल्या असतात. १०५ च्या आसपास प्रोसेसरआधी हार्ड डिस्कच रुसते.

कृती कंटाळवाणी आहे, म्हणून लोक ती टाळतात. मल्टिप्लायर एकाने वाढवा, प्रोसेसरला घाम फोडणाऱ्या प्राइम९५ या प्रोग्रॅमची स्मॉल एफएफटी चाचणी पंधरा मिनिटं चालवा. पडला तर व्हीकोअर, म्हणजे प्रोसेसरचं व्होल्टेज, ०.०१ ते ०.०२ ने वर. पुढच्या १०० मेगाहर्ट्‌झसाठी एकदम ०.०५ मागू लागला, की भिंत आली. तिथून दोन पावलं मागे या. रोजच्या वापरात १.३५ व्होल्टच्या वर मी तरी जात नाही. ३.७ ला १.२ व्होल्ट आणि ४.५ ला १.३५ धरले, तर वेग वाढतो बावीस टक्के आणि उष्णता चोपन्न टक्के, कारण व्होल्टेजचा वर्ग होतो. बावीस टक्के नफ्यावर चोपन्न टक्के खर्च हा हिशेब जळगावच्या केळीच्या आडतीवर कुणी मान्य करणार नाही.

आता महिन्याकडे. प्रोसेसरवर बसवलेला कूलर त्याला खोलीपेक्षा थंड करत नाही. तो फक्त दोघांतला फरक राखतो. पूर्ण भाराखाली हा फरक ४८ अंश असेल, तर डिसेंबरच्या २० अंशांत प्रोसेसर ६८ वर सुखात. तोच मे महिन्यात, खोली ४२ असताना, ९० वर. ९८ ला तो स्वतःच वेग खाली ओढतो, पण हिवाळ्यात काठावर टिकलेली सेटिंग त्याआधीच कोलमडते, कारण तापलेल्या चिपला त्याच वेगासाठी थोडं जास्त व्होल्टेज लागतं. आणि आपण ते दिलं, की तो अजून तापतो.

खोलीला वाळ्याचा कूलर लावा, खोली आठ-दहा अंश उतरते. कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय खरा आहे. मात्र झोत कॅबिनेटच्या तोंडावर नको. तुषारांबरोबर बोअरच्या पाण्यातले क्षार येतात आणि हीटसिंकवर, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर, कपडे धुण्याच्या दगडासारखा पांढरा थर चढतो. जूनमध्ये ढग आले, की हाच कूलर फक्त आवाज करतो. कापसाच्या गावात हीटसिंकच्या पात्यांत तंतूंची गादी तयार होते, तीही काढा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा, नाहीतर तो भिंगरी होतो आणि बेअरिंग जातं. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली जुनी थर्मल पेस्ट खडखडीत वाळलेली असते. पुसून वाटाण्याएवढी नवी लावा. वाटाण्याएवढी, ठेच्याएवढी नव्हे.

सगळ्यात मोठा घोळ निदानाचा. रात्रभराची चाचणी लावून झोपलो, सकाळी मशीन नुकतंच चालू झालेलं. प्रोसेसर पडला की लाईट गेली? खान्देशात हा प्रश्न तात्त्विक आहे. विंडोजच्या नोंदवहीत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, दोन्ही वेळा कर्नल-पॉवर ४१, म्हणजे 'मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं', हीच नोंद येते. तिच्या तपशिलात बगचेक कोड, म्हणजे कोसळण्याच्या कारणाचा आकडा, पाहायचा: २९२ किंवा २५७ असेल, तर आधी व्हीकोअर कमी पडल्याचा संशय घ्या. शून्य असेल, तर वीज गेली, किंवा मशीन असं थिजलं की त्याला लिहायलाही सुचलं नाही. अशा वेळी शेजाऱ्याला विचारावं. धुळ्याकडचा शेजारी आधी उलट विचारेल, "काय करी राहिना रे भाऊ?", मग सांगेल की लाईट तीनदा गेली होती.

वीज येता-जाता वेग आपोआप ३.३ वर आणि तारीख भलत्याच वर्षी गेली असेल, तर प्रोसेसरला शिव्या देऊ नका. बोर्डाची सेटिंग आणि घड्याळ जपणारी सीआर२०३२ ची बटन बॅटरी संपली आहे.

बोर्ड सेटिंगचे संच, म्हणजे प्रोफाइल, साठवत असेल, तर दोन करून ठेवा. उन्हाळी प्रोफाइलला ४.० पुष्कळ झाले. हिवाळीला, ४.५ च्या, मी 'भरीत' नाव दिलंय. सीझनवरून, तापमानावरून नाही.