शेतावरची व्हिस्की म्हणे नुसतं मार्केटिंग!

सध्या एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. स्कॉटलंडमधल्या शेतावरच्या फॅमिली डिस्टिलरी (व्हिस्की गाळायचे घरगुती कारखाने) म्हणजे निव्वळ मार्केटिंग, माल मोठ्या कंपनीचा आणून बाटल्यांत भरतात, शेत फोटोपुरतं, तीन वर्षांत व्हिस्की तयार म्हणजे पैसाच पैसा, आणि बार्ली कुणाची याने चवीत काही फरक पडत नाही. लोक डोळे झाकून फॉरवर्ड करतायत, आणि राबणाऱ्या माणसांना असं खोटं ठरवलेलं मला तरी बघवत नाही.

माल बाहेरून आणायचा प्रकार अमेरिकेत घडलाय, ते नाकारत नाही. आयोवाची म्हणून विकली जाणारी टेम्पलटन राय ही व्हिस्की प्रत्यक्षात इंडियानातल्या मोठ्या डिस्टिलरीत बनायची, कोर्टात केस झाली आणि 2015 मध्ये सेटलमेंट झालं. पण म्हणून तेच स्कॉटलंडच्या माथी मारायचं? तिथे 2009 चे स्कॉच व्हिस्कीचे नियम आहेत, सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्ट केलेल्या, म्हणजे भिजवून मोड आणून वाळवलेल्या बार्लीची, पॉट स्टिल म्हणजे हंड्यासारख्या भांड्यात गाळून काढलेली. दुसऱ्याची आणून आपल्या डिस्टिलरीचं नाव लावणं कायद्यातच बसत नाही.

आता शेत फोटोपुरतं म्हणणाऱ्यांनी डाफ्टमिल ही डिस्टिलरी बघावी. स्कॉटलंडच्या फाइफ भागात कूपर गावाजवळ कथबर्ट कुटुंबाचं शेत आहे, बार्ली, बटाटे, मांसासाठीची गुरं, आणि आवारातल्या जुन्या गिरणीच्या इमारतीत 2005 साली लायसन्स घेऊन डिस्टिलरी सुरू केली. शेतातली कामं कमी असतात तेव्हाच ती चालते, म्हणजे पेरणी उरकली की कापणीच्या आधी उन्हाळ्यात आणि मग हिवाळ्यात, बाकी वेळ बंद, कारण तीच माणसं ट्रॅक्टरवर असतात. बार्ली स्वतःच्या शेतातली, उरलेला चोथा गुरांच्या पुढ्यात. माल्ट करायला मात्र ती बाहेर पाठवतात, हे खरं, पण दाणा त्यांचाच.

आणि तीन वर्षांत पैसा? अहो, तीन वर्षं ही कायद्याने ओकच्या पिंपात ठेवायची कमीत कमी मुदत आहे! डाफ्टमिलची पहिली बाटली आली 2018 मध्ये, बारा वर्षं मुरलेली. तोवर दरवर्षी पिंपातली साधारण दोन टक्के हवेत उडून जाते ती वेगळीच, आणि इतकी वर्षं घर चाललं ते बटाटे, बार्ली आणि गुरांवर. पैसा छापायचा असता तर 2008-09 लाच बाटल्या काढल्या असत्या ना.

बार्लीच्या मुद्द्यावर किल्होमन या डिस्टिलरीचं उदाहरण देतो. स्कॉटलंडच्या आयला बेटावर रॉकसाइड फार्मवर अँथनी विल्स आणि घरच्यांनी 2005 मध्ये सुरू केली, मुलंही याच कामात, 2015 ला शेतच विकत घेतलं. तिथे बार्ली भिजवून फरशीवर पसरतात, मोड यायला लागले की मुळं एकमेकांत गुंतू नयेत आणि ढीग तापू नये म्हणून उलथत राहावं लागतं, मग भट्टीत पीटच्या (दलदलीतून खणून काढलेल्या, जळणाऱ्या मातीच्या) धुरावर वाळवतात. सगळा माल असा होत नाही, बराचसा माल्ट बाहेरच्या मोठ्या माल्टिंगमधून येतो, पण ते लपवत कुठे आहेत, स्वतःच्या बार्लीची बाटली 'हंड्रेड परसेंट आयला' असं लिहून वेगळी काढतात. फरक बघायचा तर बाहेरचा माल्ट साधारण 50 पीपीएम पीटचा (पीपीएम म्हणजे दशलक्षात किती भाग, हे धुराच्या घटकांचं माप) आणि घरचा 20, म्हणजे धूर कमी आणि धान्याची गोडी जास्त कळते. अर्थात हा फरक धुराचा पण आहे, नुसत्या शेताचा नाही, पण माल्ट कसं केलं याने चव बदलते एवढं तर दिसतं.

राहिली किंमत. महाग आहेत, मान्य. डाफ्टमिल वर्षाला साधारण शंभर पिंपं भरते, त्यात बारा वर्षं भांडवल अडकलेलं, मग भाव मोठ्या कंपनीच्या बाटलीएवढा कसा परवडणार ते पोस्ट लिहिणाऱ्यानेच सांगावं.