सागरगोटे: समोर बसणारीचा खेळ

सागरगोट्यांना मुलींचा वेळ घालवण्याचा खेळ म्हणून बाजूला सारणाऱ्यांचे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. बालमैत्रिणीबरोबर मी हा खेळ वर्षानुवर्षे खेळले आहे आणि हाताला, नजरेला व मैत्रीला एकाच वेळी एवढे काम लावणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

पाच गोटे, म्हणजे सागरगोट्याच्या टणक, गोलसर बिया, जमिनीवर पसरायचे, त्यांतला एक उचलून वर उडवायचा आणि तो खाली येण्याच्या आत जमिनीवरचा दुसरा टिपून वरचा त्याच हाताने झेलायचा. पुढे दोन-दोन, मग तीन आणि एक, शेवटी चारही एकदम. वाचताना हे सोपे वाटते. परंतु दीड फूट उंच उडालेला गोटा हातात परत येण्यास जेमतेम ०.६ सेकंद लागतो आणि ही सवड दुप्पट हवी असेल, तर तो चौपट, म्हणजे सहा फूट उंच उडवावा लागतो. तेवढ्या उंचीवरून तो नेमका तळहातात उतरणे कठीण. म्हणून खरे कसब उडवण्यात नाही, पसरण्यात आहे. माझ्या मैत्रिणीला हे आधी उमगले होते. सारवलेल्या जमिनीवर गोटे जागीच थांबतात आणि शहाबादी फरशीवर घरंगळतात, हे ओळखून ती मनगटाचा हिसका कमी-जास्त करीत असे.

त्याहूनही मोलाचा मला ‘हलला’चा नियम वाटतो. एक गोटा उचलताना शेजारच्या गोट्याला धक्का लागून तो हलला, की डाव गेला. पंच कोणीच नसतो. निवाडा समोर बसलेलीने करायचा आणि पुढच्या डावात तिचा निवाडा आपण. त्यामुळे तिच्या हाताकडे मी इतके निरखून पाहिले आहे, की घाई झाली म्हणजे तिचा अंगठा कसा आखडत असे, हे आजही सांगू शकेन. वाद होत, अबोलाही होई. मात्र एकटीने खेळण्यात रस नसल्यामुळे तो फार टिकत नसे.

शाळांनी खेळाच्या तासाला हा खेळ मुलगे आणि मुली दोघांनाही जोडीने बसवून शिकवावा, असे माझे ठाम मत आहे. त्याला मैदान लागत नाही, खर्चही नाही. काष्ठौषधींच्या दुकानात सागरगोटे मिळतात. न मिळाल्यास गुळगुळीत खडेही चालतील, फक्त पाचही साधारण सारख्या वजनाचे निवडावेत.