सावळ्या कातडीला सोरायसिसचा त्रास कमी, म्हणे!

‘त्वचारोग म्हणजे मनाचे खेळ’ असं एक ढकलपत्र सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतंय. परवा ते माझ्या मावसबहिणीपर्यंत पोचलं. तिला सोरायसिस (त्वचेवर खवलेदार चट्टे उठवणारा आजार) आहे, रंग सावळा आहे, आणि ते वाचून तिने मलमं बाजूला ठेवली. म्हणून हा खटाटोप.

दावा पहिला: चिंता सोडा, त्वचा आपोआप सुधारेल. ताणाने सोरायसिस आणि इसब उसळतात, एवढं नाइलाजाने मान्य. पण सोरायसिसचं मूळ प्रतिकारशक्तीच्या बिघाडात आहे. शिवाय रात्रभर खाजवत जागणाऱ्याला ‘चिंता सोड’ म्हणायला काय जातं?

दावा दुसरा, आणि डोकं फिरवणारा: ‘सावळ्या त्वचेवर चट्टे दिसत नाहीत, म्हणून अशांना नैराश्यही येत नाही.’ अहो, गोऱ्या त्वचेवर जो दाह लाल दिसतो तोच गडद त्वचेवर जांभळट, करडा किंवा तपकिरी दिसतो. सोरायसिसची तीव्रता मोजणाऱ्या ‘पासी’ गुणांकात लाली हा एक निकष आहे. लाली नजरेतून सुटली की गुण कमी पडतात, आजार ‘सौम्य’ ठरतो, जोरकस उपचार लांबतात. सौम्य आजार असलेल्याला झोप लागते का, मन कसं आहे, हे विचारणार कोण? चट्टा ओसरला तरी काळपट डाग महिनोन्महिने राहतो. कागदावर रुग्ण बरा, आरशात नाही. आणि कोड तर गडद त्वचेवरच जास्त उठून दिसतं. म्हणजे ‘दिसत नाही’ हेसुद्धा धड खरं नाही!

त्रासाचा पुरावा हवा? 2015 साली प्रसिद्ध झालेल्या, युरोपातल्या 13 देशांतल्या अभ्यासात त्वचारोगाचे साडेतीन हजारांवर रुग्ण होते. त्यांच्यात नैराश्य 10.1 टक्के, त्वचारोग नसलेल्यांत 4.3. आत्महत्येचे विचार 12.7 टक्के, दुसरीकडे 8.3. मग ज्यांचा आजारच मुळात कमी मोजला जातो, त्यांना यातून वगळायचं ते कशाच्या जोरावर?

‘हात लावला की पसरतं’: सोरायसिस, इसब, कोड, यांतलं काहीही स्पर्शाने पसरत नाही. पुढे.

‘सगळ्या गोळ्या आजच बंद करा’: पोटातून घेतलेली स्टेरॉइडं एकदम थांबवली तर सोरायसिस अंगभर पुवाच्या फोडांनी उसळू शकतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. नैराश्याच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारून हळूहळूच कमी करायच्या असतात.