कावळा जळाला की नाही

गावच्या वाचनालयाची पुस्तकांची यादी व्हॉट्सॲपवर आली, त्याला पंधरा दिवस झाले. तेव्हापासून मी रोज कोणाशी ना कोणाशी भांडते आहे.

गाव अमळनेर तालुक्यातलं, बोरीच्या काठचं. बाहेर राहणाऱ्या आम्ही काही जणांनी पैसे काढले आणि मुलांसाठी वेगळं कपाट घ्यायचं ठरलं. यादीत तीन रकाने होते: तीन ते पाच वर्षं, सहा ते आठ, नऊ ते बारा. इथवर मी खूश होते. मग पाहिलं, तर चिमणी-कावळ्याच्या गोष्टीवर काट मारलेली. शेजारी शेरा, ‘शेवटी कावळा चुलीवर भाजतो, लहान मुलांना नको.’ अहिराणी लोककथांच्या दोन पुस्तकांवरही काट. तिथला शेरा, ‘मुलांचं मराठी बिघडेल.’ त्यांच्या जागी सिंड्रेला, स्नो व्हाइट आणि रॅपन्झेल, गुळगुळीत कागदावर, इंग्रजीत.

मी जर्मनीत कासेलला राहते. या तिघींच्या गोष्टी ग्रिम बंधूंनी याच शहरात बसून जमवल्या. पहिला खंड डिसेंबर १८१२मध्ये निघाला, दुसरा १८१५मध्ये. त्यांच्या स्नो व्हाइटमधली सावत्र राणी शेवटी तापून लाल झालेले लोखंडी बूट घालून मरेपर्यंत नाचते. सिंड्रेलाची एक सावत्र बहीण बुटात पाय बसावा म्हणून अंगठा कापते, दुसरी टाच कापते, आणि लग्नाच्या दिवशी कबुतरं दोघींचे डोळे फोडतात. माझ्या मुलीच्या वर्गात, दुसरीत, शिक्षिकेनं ही गोष्ट फोरलेझेनच्या, म्हणजे मोठ्यानं वाचून दाखवण्याच्या तासाला जशीच्या तशी वाचली. पोरं गालिच्यावर बसून ऐकत होती. एका मुलानं विचारलं, रक्त बुटातून बाहेर आलं का? शिक्षिका ‘हो’ म्हणाली आणि पुढे वाचू लागली. कोणाच्या आईची चिठ्ठी आली नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. लिहिलं की यादीतली सिंड्रेला म्हणजे बहुतेक पेरोच्या १६९७च्या फ्रेंच गोष्टीवरची, काचेच्या बुटाची. आमची आशेनपुटेल, म्हणजे ग्रिमांची सिंड्रेला, वेगळी आहे. दादानं एका शब्दात उत्तर दिलं: ‘आमची?’

दादा गावात राहतो, कापूस आणि केळी करतो, वाचनालयाच्या समितीत आहे. त्या एका शब्दाचा मला इतका राग आला की दोन दिवस मी फोन उचलला नाही.

भाषेच्या शेऱ्याबद्दल मात्र मी अजूनही तसूभर मागे हटणार नाही. ग्रिमांच्या पुस्तकात कोळी आणि त्याच्या बायकोची गोष्ट आहे. समुद्रातला मासा तिची एकेक मागणी पुरवत जातो आणि शेवटी ती पुन्हा आपल्या झोपड्यात येते. ही गोष्ट त्यांनी प्लाटडॉइचमध्ये छापली, उत्तरेकडच्या कोळ्या-शेतकऱ्यांच्या बोलीत, रुंगे नावाच्या चित्रकारानं लिहून पाठवली होती तशी. जर्मन भाषेचा सगळ्यात मोठा कोश ज्यांनी सुरू केला, त्यांनी! त्यांना काही जर्मन बिघडण्याची भीती वाटली नाही. आणि आपल्याकडे काय वेगळं घडलं? आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या पुस्तकरूपानं आल्या १९५२मध्ये, त्या गेल्यानंतर, त्यांच्याच बोलीत. पुण्या-मुंबईच्या पोरांनी त्या शाळेत पाठ केल्या. कोणाचं मराठी बिघडलं? मग ज्या पोरांच्या घरात अजून ‘आठे ये’, ‘तठे बठ’ असं बोलतात, त्यांनाच ते छापलेलं दिसू नये, हा कुठला न्याय?

दादानंही वाचलेलं होतं. त्यानं लिहिलं, तुझ्या ग्रिमांनीही कात्री लावलीच की. ते खरं आहे. पहिल्या आवृत्तीत रापुंझेल म्हातारीला विचारते, माझे कपडे घट्ट का होऊ लागले? १८१९मध्ये ते वाक्य गेलं, कारण पोटुशी असल्याचं त्यातून कळत होतं. हेन्झेल आणि ग्रेटेलला रानात सोडायला लावणारी आधी त्यांची सख्खी आई होती. १८४०मध्ये तिची सावत्र आई झाली. १८२५मध्ये त्यांनी पन्नास गोष्टींची छोटी आवृत्ती खास मुलांसाठी काढली आणि ती खूप चालली. मी उलट लिहिलं की कबुतरांनी डोळे फोडल्याचं तर त्यांनी १८१९मध्ये नव्यानं घातलं, म्हणजे मुलांना कशानं अपाय होतो याचा त्यांचा हिशोब निराळा होता. मुद्दा बरोबर होता. पण कात्री लागली होती, हे मी आधी लिहायला हवं होतं. मला माहीत असून मी ते गाळलं.

इथे निडरत्स्वेरेन म्हणून भाग आहे. मी ट्रामनं जाते-येते त्या बाजूला. ग्रिमांच्या काळात ते वेगळं गाव होतं आणि तिथे डोरोथेया फीमान राहायची, शिंप्याची बायको. कासेलला माल विकायला यायची आणि ग्रिमांकडे बसून गोष्टी सांगायची. चाळीसच्या आसपास गोष्टी तिच्या. दुसऱ्या खंडाच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहिलंय की ती आधी भरभर सांगते, मग लिहून घेता यावं म्हणून सावकाश सांगते, शब्द बदलत नाही, चुकली तर स्वतःच थांबून दुरुस्त करते. तिचे पूर्वज फ्रान्समधून धर्मापायी पळून आलेले. तरी तिच्या गोष्टी जर्मन ठरल्या. ट्रामच्या खिडकीतून ती गल्ली दिसली की मी दर वेळी हाच विचार करते, आणि कोणासाठी करते हे मला नीट कळतं.

माझी मोठी माय अशीच सांगायची. मे महिन्यात आम्ही सगळी पोरं धाब्यावर झोपायचो. खाली घरात उकडून जीव जायचा, वर मातीचं धाबं रात्री उशिरा निवायचं. ती म्हणायची, ‘हुंकारा दे, नही ते मी झोपस.’ हुंकारा बंद झाला की गोष्ट बंद. एक व्हता कावळा, एक व्हती चिडी. कावळ्यानं घर शेननं, चिडीनं घर मेननं. ‘चिडीबाई, चिडीबाई, दार उघाड.’ ‘थांब, मना बाळले न्हाऊ घालस.’ हे ‘थांब’ पुन्हा पुन्हा यायचं आणि प्रत्येक वेळी आम्ही तिच्या आधी ओरडायचो. तीन वर्षांच्या पोराला गोष्ट हवी असते ती या पुन्हा पुन्हा येण्यासाठी. भोपळ्यातल्या म्हातारीची गंमतही तीच. हे त्या गुळगुळीत पुस्तकांत कुठे आहे? श्रावणात मोठ्यांच्या कहाण्या निघायच्या, आटपाट नगराच्या. नवसाच्या, सवतींच्या, मेलेलं मूल परत मिळाल्याच्या. त्या नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुलीला कळायच्या. बाकीची ऐकता ऐकता झोपायची.

आता जे लिहिते, ते ग्रुपवर लिहिलेलं नाही. सहावीत असताना वर्गात अहिराणी बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी ते मन लावून करायचे. माझ्याच चुलत बहिणीचं नाव मी चार वेळा लिहिलं. पुढे पुण्याला गेले आणि अहिराणी पार सोडली. घरी फोनवरसुद्धा प्रमाण मराठीतच बोलू लागले. मोठी माय फोन लगेच दुसऱ्याकडे द्यायची. माझ्या मुलीला अहिराणीतले चार शब्द येतात. समितीतल्या ज्या बाईंनी ‘मराठी बिघडेल’ असं लिहिलं, त्यांच्यावर मी सगळ्यात जास्त चिडले, आणि त्या काय म्हणताहेत हे मला पहिल्या क्षणी समजलं होतं.

गेल्या रविवारी मुलीनं विचारलं, मग कावळ्याचं शेवटी काय झालं? मी सांगितलं, शेपटी पोळली आणि तो उडून गेला. बोलता बोलताच लक्षात आलं की यादीतला शेरा वेगळंच सांगतो. म्हणून दादाला फोन केला. भांडण मिटवायला नाही, एवढंच विचारायला.

तो म्हणाला, शेपटी तुमच्यासाठी. तू आणि बाकीची लहान झोपलात की मोठी माय आम्हा मोठ्यांना तीच गोष्ट पुन्हा सांगायची. तेव्हा कावळा चुलीवर जळून मरायचा.

तिचे शब्द बदलत नाहीत, हे मी लोकांना छातीठोकपणे सांगत आले. मी तेवढंच ऐकलं होतं, झोपेपर्यंतचं.

दादाला म्हटलं, आत्याला गोष्टी येतात, तिच्या रेकॉर्ड करून घे, आपण छापू, तिन्ही रकान्यांत घालू. त्यानं विचारलं. आत्या म्हणाली, फोनमधी हुंकारा कोन दी? तिले सांग, आठे ये, मंग सांगसू.

मे महिन्याची तिकिटं महाग आहेत आणि मुलीची शाळा चालू असते. रजेचा अर्ज मी काल दिला. समितीला एवढंच कळवलंय की अहिराणीची दोन पुस्तकं माझ्या पैशातून घ्या, आणि ती खालच्या फळीवर ठेवा.